बशीवरची फुंकर

बाळंतपणात आवाज न काढणारी ती खरी बाई, असं आमच्या बाळकुम गावात मानत. माझ्या आईची आठ बाळंतपणं झाली आणि भिंतीपलीकडच्या काकीला एकदाही कळलं नाही, हे आई लग्नकार्यात बसून अभिमानाने सांगायची. दातांत पदराचा बोळा धरायचा, मुठी आवळायच्या आणि पहिल्या कळेपासून जोर करायचा. सुईण "कर, कर" म्हणेल तोवर करत राहायचं. माझं एकच बाळंतपण झालं, तेही असंच. ते मूल दीड दिवस जगलं. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही.

नवरा विषमज्वराने गेल्यावर मी कल्याणला एका लहानशा प्रसूतिगृहात आया म्हणून लागले. स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली असतील. पुढे दवाखाना, मध्ये सहा खाटांची खोली, मागे मोरी आणि चूल. डॉक्टरीणबाई, एक सिस्टर, एक कंपाउंडर आणि मी. फरशी पुसायची, पाणी तापवायचं, रक्ताची फडकी उकळायची, भांडं द्यायचं आणि रिकामं करायचं, हे माझं काम. कळा देणाऱ्या बाईला हात लावायचा नाही, हे मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी चौथी पास होते. त्यामुळे औषधांच्या बाटल्यांवरची मराठी नावं वाचता यायची, एवढाच माझा उपयोग.

सिस्टर मुंबईला शिकून आलेल्या. तिशीच्या असतील, पण बोलणं साठीचं. त्या कळा देणाऱ्या बाईपाशी काय करतात ते मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, या नुसता वेळ काढतायत. स्टूल ओढून खाटेला लागून बसायच्या. बाईला डाव्या कुशीवर करायच्या, गुडघ्यांच्या मध्ये उशी द्यायच्या. मग अंगठ्याने तिच्या जबड्याच्या सांध्यावर हळू दाबायच्या. "हे सैल सोड. वर दात आवळलेस की खाली पण सगळं आवळतं." मूठ दिसली की एकेक बोट उघडायच्या. कंबरेच्या खाली, माकडहाडाच्या वर, तळहाताची टाच रोवून कळ असेपर्यंत दाबून धरायच्या. कळ गेली की खोबरेल तेल लावून गोल गोल चोळायच्या. आणि सारखं सांगायच्या, श्वास नाकाने घे, तोंडाने हळू सोड. मी तपासून सांगेपर्यंत जोर करायचा नाही. दार उघडायच्या आधी धडका मारल्या तर बाई दमते आणि बाळ पण दमतं.

मी ओलं फडकं हातात धरून दारातून हे बघायचे. काही बायका तरीही ओरडायच्या, पण गुरासारख्या घाबरायच्या नाहीत. वर्षभरात मला वाटायला लागलं की यात काय आहे, हे तर मलाही येतं. मी हे लपवत नाही. पुढचं जे झालं ते त्यातूनच झालं.

पौषातली थंडी होती. सकाळी एका बाळंतिणीचं रक्त थांबेना, म्हणून डॉक्टरीणबाई आणि सिस्टर दोघी तिला मोटारीत घालून ठाण्याला मोठ्या इस्पितळात घेऊन गेल्या. जाताना सिस्टर म्हणाल्या, "दोनपर्यंत येतो. कुणी आली तर निजव, पाणी तापत ठेव, बाकी काही करू नकोस."

अकराच्या सुमाराला मोहन्याहून टांगा आला. एकवीस-बावीस वर्षांची सून आणि तिची सासू. मुलगा तिकडच्या कारखान्यात कामाला, माणसं मूळची साताऱ्याकडची. कळा पहाटेपासून चालू होत्या. सुनेला आठ दिवसांपूर्वी सिस्टरनी तपासलं होतं आणि सांगितलं होतं की पहिली कळ आली की इथे ये, घरी थांबू नकोस.

मी तिचं लुगडं बदलत होते तेव्हा सासू बाहेर टांगेवाल्याशी बोलत होती. तेवढ्यात सुनेने माझं मनगट धरलं.

"आक्का, माझी दोन गेलीत. दोन्ही कळा सुरू झाल्या तवा पोटात हलत व्हती. सकाळपासनं जोर करायला लावला. सुईण पोटावर दाबून बसली. दोन्ही निळी आली." मग तिने पोटावर हात ठेवला. "ह्ये बी हलतंय आत्ता. बघा."

मी हात ठेवला. हलत होतं.

सासू आत आली ती कंबरेच्या पिशवीचा नाडा सोडतच. तिने सुनेचा अंबाडा सोडला, गळ्यातल्या काळ्या दोऱ्याची गाठ सोडली, बरोबर आणलेल्या पत्र्याच्या डब्याचं झाकण उघडून ठेवलं. घरून निघताना ट्रंकेचं कुलूप आणि धान्याच्या कणग्यांची झाकणंही उघडी टाकून आली होती. बाळंतिणीच्या घरात काही बंद राहू द्यायचं नाही, हे आमच्याकडेही होतं. फक्त सुनेचे दात मिटलेले होते आणि मुठी वळलेल्या होत्या. त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"डाक्टरीण कुटं हाय?"

"ठाण्याला."

"आन् ती नर्स?"

"तीही."

सासूने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "मग हितं बाळंत करणार कोण? तू? फरशी पुसणारी?"

"दोनपर्यंत येतील त्या."

"दोनापत्तूर पोर थांबतंय व्हय? ऊठ गं. टांगा उभा हाय. घरला सुईण हाय आपली."

सूनही उठायला लागली. सासू ऊठ म्हणाली की उठायचं, एवढंच तिला ठाऊक होतं. मी दारात आडवी उभी राहिले आणि खोटं बोलले. "सिस्टर सांगून गेल्यात, हिला खाटेवरून हलवायचं नाही."

"कवा सांगितलं? आमी आत्ता आलोय!"

"आठ दिवसांपूर्वी तपासलं तेव्हाच."

सासूला ते पटलं नाही, पण तिला वाचता येत नव्हतं आणि मी भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. त्यावर बाळाला पाजण्याच्या वेळा लिहिलेल्या होत्या. मग मी कंपाउंडरला हाक मारली. तो पडद्याच्या पलीकडे पाठ करून उभा राहिला. "बायकांच्या खोलीत मी येत नाही. काय ते तुमचं तुम्ही बघा." आणि गेला. त्या माणसाने आयुष्यात त्या खोलीत पाऊल टाकलं नाही आणि तिथल्या पगारावर तीन मुली उजवल्या.

बाहेरून टांगेवाला ओरडला, "आजी, जायचं का न्हाय? का घोडं सोडू चरायला?"

"सोड तुझ्या बापाला! थांब म्हटलं ना!"

तेवढ्यात मोठी कळ आली. सुनेने पदर तोंडात कोंबला, हनुवटी छातीला लावली आणि जोर करायला लागली. तिला कुणी सांगावंही लागलं नाही. दोन बाळंतपणांत अंगाला तीच सवय लागली होती. सासू खाटेच्या पायथ्याशी जाऊन म्हणाली, "कर! अजून कर! दात सोडू नगंस!"

मला हात लावायची बंदी होती. मी तिच्या तोंडातला पदर ओढून काढला.

"जोर नको करूस. श्वास सोड."

ती श्वास धरून बसली. सोड म्हटलं की जास्तच धरायची. सिस्टर "हळू सोड" म्हणायच्या तेव्हा त्यांचा हात बाईच्या अंगावर कुठे असायचा, आवाज किती खाली असायचा, हे मी दारातून कधी नीट पाहिलंच नव्हतं. मला फक्त शब्द पाठ होते. हिला कळेल असं काहीतरी सांगायला हवं होतं. मागच्या चुलीतला धूर खोलीत येत होता. मी म्हटलं, "फुंकणीने चूल पेटवतेस ना? समज ओली लाकडं आहेत. पेटत नाहीयेत. फुंक!"

ते तिला कळलं. तिने गाल फुगवून फुंकलं आणि जोर थांबला. कारण फुंकताना जोर करता येत नाही. पुढच्या कळेलाही तसंच. मला इतका आनंद झाला की मी हुकूम सोडायला लागले. "जोरात! अजून जोरात! थांबू नकोस!" सासू भिंतीला टेकून खाली बसली आणि पुटपुटली, "असलं कुटं बघितलं न्हाई बया." टांगेवाल्याने समोरच्या हॉटेलातून तिच्यासाठी चहा आणून दारातून आत सरकवला. तिने तो बशीत ओतला. मला वाटलं, जिंकले.

चौथ्या की पाचव्या कळेनंतर सून म्हणाली, "आक्का, ओठास्नी मुंग्या आल्यात."

"येतात. फुंक."

मग म्हणाली, "हात बी." मी खाली पाहिलं. तिची बोटं कोंबडीच्या पायासारखी आत वळली होती. मी उघडायला गेले तर उघडेनात. डोळे फिरल्यासारखे वाटले. ओठ पांढरे पडले होते. ती काहीतरी बोलायला गेली आणि शब्द नीट आला नाही.

शेजारच्या खाटेवरची तीन दिवसांची ओली बाळंतीण उठून बसली. "अगंबाई, हिला धनुर्वात झाला!"

सासू उभी राहिली. "मारलीस! माझी सून मारलीस गं भवाने! टांगेवाल्या! आत ये रं, उचल हिला!"

मला आजही ती दोन मिनिटं आठवतात. मी मनातल्या मनात मोजलं. एक गेलं, दुसरं गेलं, हे तिसरं, आणि हे माझ्या हातून. ठाणं दूर, मोटारीचा पत्ता नाही. टांगेवाला पडद्याच्या बाहेर येऊन खोकला, पण आत यायला धजेना. हिला आता टांग्यात घातली तर मोहन्यापर्यंत त्या रस्त्याचे धक्के, आणि तिथे सुईण पोटावर बसायला तयार. इथे ठेवली तर मी.

सासूच्या हातात बशी तशीच होती. एवढी ओरडत होती पण तिने चहा सांडू दिला नव्हता. तिच्या तोंडच्या वाऱ्याने बशीतला चहा थरथरत होता. ओली लाकडं फार वेळ जोराने फुंकली की मलाही घेरी यायची, ओठांना मुंग्या यायच्या, ते मला तेव्हा आठवलं.

मी पुढे होऊन ती बशी तिच्या हातातून काढून घेतली. सुनेला कुशीवर वळवलं, बशी तिच्या तोंडासमोर धरली.

"चूल राहू दे. विझू दे ती चूल. हा चहा गरम आहे, प्यायचाय. फुंकर घाल. पण सांडायचा नाही हं. नुसता थरथरला पाहिजे."

तिने फुंकर घातली. जोरात आली, थोडा चहा माझ्या मनगटावर सांडला. चटका बसला.

"सांडलास. परत. हळू."

दुसऱ्यांदा कमी सांडला. तिसऱ्यांदा चहा फक्त हलला, काठाला गेला आणि परत आला. मी नुसता चहा बघत राहिले. तीही चहा बघत राहिली. कळ आली, तिचं कपाळ आवळलं, पण डोळे बशीवरून हलले नाहीत. मधल्या वेळात मी तिची बोटं माझ्या हातात धरली. ओढली नाहीत, नुसती धरली. सिस्टर तसंच करायच्या हे मला तेव्हा आठवलं. थोड्या वेळाने करंगळी सुटली. मग बाकीची.

सासू उभीच होती. टांगेवाल्याने बाहेरून विचारलं, "आजी, उचलायचं म्हणत व्हता?"

"गप बस की जरा," ती म्हणाली.

एका हातात बशी, एका हातात तिचा हात. कंबर दाबायला माझ्याकडे तिसरा हात नव्हता. मी सासूला म्हटलं, "इकडे या. इथे दाबा. तळहाताच्या टाचेने. कळ येईल तेव्हा दाबून धरायचं, गेली की सोडायचं."

"मी?"

"मग कोण, टांगेवाला?"

ओली बाळंतीण हसली. सासूने तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि बसली. जन्मभर शेतात राबलेले, दळण दळलेले हात. सिस्टरच्या हातांपेक्षा जास्त वजन होतं त्यात. पहिल्या कळेला तिने भलतीकडेच दाबलं.

"आत्या," सून म्हणाली आणि थांबली. सासूला काही सांगायची तिला सवय नव्हती. मग म्हणाली, "जरा खाली."

"हितं?"

"आजून जरा. व्हय. तितंच."

सासूने दाबलं. सवयीने तिच्या तोंडून "कर जो..." निघालं. मी तिच्याकडे पाहिलं. तिने जीभ चावली.

दोन वाजले. मोटार आली नाही. चहा गार झाला, त्यावर साय धरली. तरी आम्ही तोच गरम आहे असं धरून फुंकत होतो. सासूही फुंकत होती, तिला कळत नव्हतं एवढंच. अडीच झाले. मला सगळ्यात जास्त भीती होती ती वेगळीच. जोर करायची वेळ झाली की नाही हे मला सांगता येत नव्हतं. तपासणं मला येत नव्हतं. मी तिला अडवून धरली होती, पण कुठवर धरायचं हे मला ठाऊक नव्हतं. उशीर झाला तर? मग मी त्या सुईणीपेक्षा वेगळी काय?

तीनच्या पुढे सून म्हणाली, "आक्का, आता मी करत न्हाई. आपोआप व्हतंय." आवाज बदलला होता. आतून, खालून येत होता. सासू माझ्याकडे पाहत होती. सकाळी मला फरशी पुसणारी म्हणाली होती, आता माझ्या तोंडाकडे बघत होती.

"लहान लहान फुंकरा घाल," मी म्हटलं. "बशीभर नाही. चमचाभर."

पुढच्या दोन कळा तशाच गेल्या आणि मोटार आली. वाटेत टायर गेलं होतं. डॉक्टरीणबाई त्या बाळंतिणीपाशी ठाण्यालाच थांबल्या होत्या. सिस्टर सरळ मोरीवर गेल्या, हात धुतले आणि आत आल्या. तपासलं. मग लाकडी नळी पोटावर टेकवून कान लावला.

त्या ऐकत राहिल्या. नळी हलवली, परत ऐकलं. खोलीत आम्ही चार बायका, चौघींचे डोळे त्यांच्या तोंडावर. सासूचा हात सुनेच्या कंबरेवर होता तसाच राहिला.

"आहेत ठोके," सिस्टर म्हणाल्या. "चांगले आहेत. दार उघडलंय. आता कर जोर."

सून माझ्याकडे वळली. "करू?"

"त्या सांगतायत ना. कर."

वीस मिनिटांत मूल आलं. पाटीसारखा रंग होता. सिस्टरनी तोंडातली घाण बोटाने काढली, पाठ चोळली, पायावर टिचकी मारली. मी गरम पाण्याचं पातेलं धरून उभी होते आणि पाणी हलत होतं. मग ते रडलं. आधी मांजरासारखं, मग नीट. मुलगी होती. सासू विचारायचं विसरली, सिस्टरनीच सांगितलं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई ठाण्याहून परतल्या आणि वही घेऊन आल्या. सासूला विचारलं, "आधीची दोन कशी गेली?"

"द्येवानं नेली."

मी फडकं पिळत होते. मला ठाऊक होतं कशी गेली ते. मी गप्प राहिले.

मग सिस्टर म्हणाल्या, "शेजारची सांगते हिची बोटं वाकडी झाली होती. खरं का? कशाने झाली?" हा प्रश्न मला होता. हात लावायची बंदी असताना मी काय काय केलं ते सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. कदाचित जायलाच हवी होती. मी तोंड उघडायच्या आत सासू बोलली.

"थंडी हाय की बाई. गारठली व्हती पोर."

"आणि ही बशी?"

"माझा चा. ह्या बयेनं पिऊ दिला न्हाई."

सिस्टरनी बशीतली साय पाहिली, मला पाहिलं आणि बाहेर गेल्या. पुढच्या बाईच्या वेळी मात्र त्यांनी मला हाक मारली. "ते बशीचं काय करतेस ते दाखव." मी दाखवलं. त्यांना पटलं. त्यानंतर कळा सुरू झालेल्या बाईपाशी मी बसायचं असं ठरलं, फरशी पुसून झाल्यावर.

आठव्या दिवशी माणसं घरी निघाली. तोच टांगेवाला होता. सासूने बाळ पदराखाली घेतलं, सुनेला आधी चढवलं, मग माझ्याजवळ आली आणि हळू म्हणाली, "तू बोलली न्हाईस, मी बोलले न्हाई. फिटलं." टांग्यात पाय ठेवून परत वळली. "धाकट्याचं लगीन हाय औंदा. त्याच्या बायकूला बी हितंच आणीन." आणली. दोन वर्षांनी. आल्या आल्या स्वतःच पाठीमागे जाऊन बसली आणि मला म्हणाली, "बशी आण."

पुढे त्या जागी बऱ्याच नव्या आया आल्या. त्यांना मी सगळं शिकवलं, जबडा, मुठी, कंबर, बशी. आणि दरवेळी सांगितलं, फुंकणीचं नाव काढायचं नाही. एका आयेने अर्धवट शिकून तसं केलं होतं, बाईचे हात वाकडे झाले, मूल जाता जाता राहिलं. त्या विचारायच्या, कोण हो ती? मी म्हणायचे, होती एक, गेली सोडून.

सोडून गेली नव्हती. तीस वर्षं तिथेच फरशी पुसत होती.